बाईसाहेब काही बोलल्या नाहीत

चाकाचा शोध लागला त्या दिवसापासून मानवजातीला एकच ध्यास लागलेला आहे: कालच्यापेक्षा आज अधिक वेगाने जायचं. साम्राज्यं आली आणि बुडाली, पण हा ध्यास काही बुडाला नाही. आपल्या गोष्टीतल्या गाडीला मात्र डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंतच जायचं होतं, आणि शेजारच्या सीटवरच्या बाईंना उतरल्यावर काही बोलावंसं वाटू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

गाडी मूळची शर्यतीची. टूरिंग कारच्या शर्यती म्हणून एक प्रकार असतो. त्यात बाजारात मिळणारी चारचौघांसारखी घरगुती गाडी घेतात, तिच्यातलं घर काढून टाकतात आणि उरलेलं पळवतात. मागची सीट जाते, गालिचा जातो, रेडिओ जातो, दारांची आतली अस्तरं जातात. त्या जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवतात, पिंजऱ्यात एक माणूस पट्ट्यांनी आवळून ठेवतात, आणि तो माणूस इतर पिंजऱ्यांना धक्के देत गोल गोल फिरतो. कारखान्याच्या शर्यत विभागाने ही गाडी बरीच वर्षं पळवली. ती सहसा चौथी यायची. चौथ्याला करंडक मिळत नाही, पण पाचव्याची कीव करायला मिळते.

विभागाचे प्रमुख म्हणजे काका. त्यांना लोक तिशीतच काका म्हणायला लागले होते, कारण कोणी काहीही विचारलं तरी ते मान डोलावून "बघू" म्हणायचे. पुढे यथावकाश वयही त्या नावाला येऊन मिळालं आणि सोबत पाठदुखी घेऊन आलं. त्यांच्या हाताखाली वेल्डर, इंजिनवाला आणि वायरिंगताई. वायरिंगताईचं शिक्षण सगळ्यांत जास्त झालेलं होतं आणि तिच्या बोलण्यात ते कधी येत नसे, कारण ती बोलतच नसे.

या विभागाची एक रीत होती. दर शुक्रवारी गाडीच्या चार चाकांखाली चार काटे ठेवून तिचं वजन करायचं. त्या आठवड्यात ज्याने सर्वांत जास्त वजन उतरवलं असेल त्याला पुढचा आठवडाभर चहाच्या वेळी खुर्ची. विभागात पाठ असलेली खुर्ची एकच होती, बाकी सगळी स्टुलं. त्या एका पाठीसाठी माणसं काय काय करत. बोल्टच्या आत बोल्टपेक्षा जास्त भोक असे. वेल्डरने एकदा बुडाखालचा रंग खरवडून काढला होता. वायरिंगताईने तारांवरच्या नावाच्या चिकटपट्ट्या सोलल्या होत्या, आणि त्यानंतर कुठली तार कुठे जाते हे तिच्याशिवाय कोणालाच कळेनासं झालं. तिचा तोच हेतू होता, असं इंजिनवाल्याचं मत. काका स्वतः या स्पर्धेच्या बाहेर असल्याचं सांगत आणि घरी नखं कापताना वॉशरला कानस मारत बसत.

अशा या विभागात एके दिवशी मेहुणा आला. मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, कारखान्याच्या जाहिरात खात्यात होता. काकांनीच त्याला सायकल शिकवली होती. तेव्हाही तो ब्रेकपेक्षा घंटी जास्त वापरायचा.

"दाजी, शर्यती बंद," तो स्टुलावर बसत म्हणाला.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. वरून आलंय. पण तुम्ही घाबरू नका, मी एक शक्कल लढवलीय. ही गाडी रस्त्यावर आणायची. हाय परफॉर्मन्स कॉन्सेप्ट. शर्यतीचा आत्मा, रस्त्याचा देह."

"ही रस्त्यावरचीच होती."

"होती. पण तेव्हा तिला आत्मा नव्हता."

"आम्ही सीट काढल्या. तू म्हणतोस, सीट घाला. आम्ही गालिचा काढला. तू म्हणतोस, गालिचा घाला. मधल्या मध्ये आत्मा कुठून शिरला?"

"दाजी, हे असलं तुम्ही मीटिंगमध्ये बोलू नका."

मग त्याने बेत समजावून सांगितला. गाडी तयार झाली की कारखान्याचे मालक, म्हणजे मोठे साहेब, ती स्वतः चालवून बघणार. त्यांना पटली तर शर्यत विभागाचा खास गाड्यांचा विभाग होईल, दरवर्षी अशा थोड्या गाड्या बनतील, आणि माणसं जागच्या जागी राहतील.

"आणि नाही पटली तर?"

"तर गोदाम," मेहुणा म्हणाला. "स्पेअर पार्टचं. चौघंही."

गोदाम रस्त्याच्या पलीकडे होतं. तिथे एक जाळीची खिडकी होती. बाहेरून लोक चिठ्ठी आत सरकवायचे आणि आतून वायपर बाहेर यायचा. काका एकदा हेडलाइटचा बल्ब आणायला गेले होते तेव्हा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं होतं, "डावा की उजवा?" बल्बला डावं-उजवं नसतं हे सांगायला काकांनी तोंड उघडलं, तर तो माणूस पूर्वी बारा वर्षं काकांच्याच शर्यत विभागात गिअरबॉक्स बांधत होता असं त्यांच्या लक्षात आलं. काका "डावा" म्हणाले आणि परत आले.

"साहेबांना पटली हे ठरणार कसं?" वेल्डरने विचारलं.

"सोपं आहे. साहेब बाईसाहेबांना शेजारी बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेणार. त्यांची तपासणी आहे. शर्यतीची गाडी रस्त्याची झाली की नाही, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? बाईसाहेब उतरल्यावर काही बोलल्या नाहीत, की गाडी पास."

"काही म्हणजे?"

"काहीही. त्या लिफ्टमधून उतरल्यावरसुद्धा लिफ्टबद्दल बोलतात."

संध्याकाळी जेवताना काकूंनी वाढता वाढता विचारलं, "अहो, त्या गाडीला दुसरी सीट बसवताय म्हणे?"

"हो."

"मग मी कधी बसू?"

काकांचा घास थांबला. संसार झाला, पोरगी लग्न होऊन गेली, आणि आपण आजवर बनवलेल्या एकाही गाडीत बायको बसलेली नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. बसणार कुठे, त्या गाड्यांना एकच सीट.

"पास झाली की पहिली तूच."

"आणि नापास झाली तर गोदामात जाल. तेही वाईट नाही. पाच वाजता सुटतं. पंखा आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"भाऊच म्हणाला. तो म्हणाला, ताई, दोन्हीकडून दाजींचं भलंच आहे."

काका ताटावरून उठले. ताट तोवर रिकामं झालं होतं, पण उठण्यात राग होता.

कामाला सुरुवात झाली. शेजारची सीट आली, दारांची अस्तरं आली, गालिचा आला, हँडब्रेक आला, एसी आला, हॉर्न आला. स्पीडब्रेकरवर पोट घासू नये म्हणून गाडी वर उचलली. पिंजरा मागच्या बाजूला तेवढा ठेवला, कारण मेहुण्याच्या म्हणण्याप्रमाणे आत्मा तिथेच होता. पहिल्या शुक्रवारी काट्यांवरचा आकडा चौघांनीही दोनदोनदा बघितला. आयुष्यात पहिल्यांदा वजन वाढलं होतं. खुर्ची कोणालाच मिळाली नाही. सगळे स्टुलावर बसून चहा प्यायले आणि खुर्ची रिकामी राहिली. घरातलं कोणी गेल्यावर त्याची जागा राहते, तशी.

दुसऱ्या आठवड्यात मेहुणा येऊन बजावून गेला. "हे बघा, रस्त्याची गाडी म्हणजे आराम. आता एक ग्रॅमही कमी करायचं नाही. ते तुमचं खुर्चीचं खूळ बंद." काकांनी सर्वांसमोर होकार दिला आणि खुर्ची उचलून आग विझवायच्या नळकांड्याखाली नेऊन ठेवली.

बंदी आली आणि विभागात जीव आला.

उघडपणे कोणी काही करत नव्हतं. पण वेल्डर जेवणाच्या सुट्टीत हँडब्रेकचा दांडा आतून पोखरायला लागला. इंजिनवाल्याने कंपनीचा दणदणीत हॉर्न काढून त्या जागी स्कूटरचा बसवला. त्यानेच गालिचा उलटा करून त्याची हजामत केली. शुक्रवारी वजन चालूच होतं, कारण ते बंद करायला मेहुणा विसरला होता. आकडा जेवढा वाढायला हवा तेवढा वाढत नव्हता. काका वेल्डरकडे बघत, वेल्डर छताकडे बघे, वायरिंगताई कपात बघे. कोणी कोणाला विचारलं नाही. आपलं पाप पचलं, असं ज्याला त्याला वाटत होतं.

काकांनी काय केलं, ते नंतर कळलं. गाडीत एसी आहे, मग खिडकी कोण उघडतो, असा त्यांनी विचार केला. शेजारच्या सीटच्या बाजूची काच वर-खाली करणारी मोटर त्यांनी हळूच काढली, आणि जाड काचेच्या जागी शर्यतीच्या काळातली पातळ प्लास्टिकची काच पक्की बसवून टाकली. बटण राहू दिलं. ते दाबल्यावर टक असा आवाज यायचा. त्या शुक्रवारी आग विझवायच्या नळकांड्याजवळून जाताना त्यांनी खुर्चीच्या पाठीवर उगाच हात फिरवला.

तपासणीच्या दिवशी ऊन असं होतं की कारखान्याच्या फाटकाला हात लावून पहारेकऱ्याने हात झटकला. मोठे साहेब ठरल्या वेळी आले. शेजारी बाईसाहेब, हातात जुन्या तपासण्यांची जाडजूड फाइल. बसण्याआधी त्या रंगाबद्दल, दाराच्या आवाजाबद्दल, सीटच्या उंचीबद्दल आणि वेल्डरच्या बुटांबद्दल बोलल्या. मग दार लागलं. गाडी फाटकाबाहेर पडली. मागून मेहुण्याच्या ऑफिसच्या गाडीतून मेहुणा, त्याच्या शेजारी काका आणि मागच्या सीटवर वायरिंगताई निघाले. त्या गाडीत एसी इतका झकास होता की काकांनी कॉलरचं बटण लावलं.

पहिला स्पीडब्रेकर आला. पुढची गाडी अलगद चढली, अलगद उतरली.

"वा," मेहुणा म्हणाला. "दाजी, मानलं."

काका सीटवर पुढे सरकून बघत होते. इतकी वर्षं ज्या गाडीला त्यांनी धक्के खायला पाठवलं, ती लग्नाच्या घरातल्या थोरल्या सुनेसारखी रस्त्याने चालली होती.

बाजारापाशी सिग्नलला गाड्या थांबल्या. मागच्या काचेतून बाईसाहेबांचा हात दिसला. हात खिडकीजवळ गेला. परत आला. पुन्हा गेला.

"काय करतायत त्या?" मेहुण्याने विचारलं.

"हवा हवी असेल," काका म्हणाले.

सिग्नल सुटला, पुढचा लागला. आता फाइल दिसत होती. बाईसाहेब फाइलने वारा घेत होत्या. आधी सावकाश, मग भराभर. फाइलमधला एक कागद उडून मागे पिंजऱ्यात अडकला.

"एसी असताना वारा कशाला घेतायत?" मेहुणा म्हणाला. "आणि घ्यायचाच तर खिडकी उघडावी ना माणसाने."

काकांनी कॉलरचं बटण पुन्हा काढलं.

"ती उघडत नाही," ते म्हणाले.

"का?"

"मोटर काढली. एसी आहे ना."

मागच्या सीटवर हालचाल झाली. वायरिंगताईने घसा खाकरला. ती बोलणार म्हटल्यावर दोघांनीही मागे वळून बघितलं.

"एसी नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कॉम्प्रेसर काढला. खिडकी आहे ना."

"अगं, पण बटण दाबल्यावर निळा दिवा लागतो," मेहुणा म्हणाला. "मी स्वतः बघितलंय."

"दिवा ठेवला. दिव्याला वजन नसतं."

"हवासुद्धा येत होती."

"इंजिनावरून येते. सकाळी गारवा होता तेव्हा कळलं नाही."

पुढच्या गाडीतून साहेबांनी कोणाला तरी हॉर्न दिला. दारात शेपूट सापडलेल्या उंदरासारखा तो वाजला.

"किती भरला?" काकांनी हळूच विचारलं.

"काय?"

"कॉम्प्रेसर."

"साडेसहा किलो. ब्रॅकेटसकट."

काकांच्या मोटरीचं वजन सव्वा किलो भरलं होतं. त्यांनी मान डोलावली. "खुर्ची तुझीच होती मग."

"हो. पण सांगणार कसं?"

"तुम्ही दोघं," मेहुणा स्टिअरिंगवर कपाळ टेकत म्हणाला, "तुम्ही दोघं जरा गप्प बसाल का?"

दवाखान्याच्या दारात पुढची गाडी थांबली. साहेब उतरले, वळसा घालून आले आणि त्यांनी दार उघडलं. बाईसाहेब बाहेर आल्या. चेहरा बीटाच्या फोडीसारखा झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. त्यांनी गाडीकडे बघितलं. काकांकडे बघितलं. ओठ हलले. आवाज आला नाही. मग त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि आतून आलेल्या नर्सच्या हातातलं पाणी घटाघटा प्यायल्या.

साहेब दाराला टेकून उभे होते. त्यांचा सदरा ओला झाला होता, पण त्यांची बाजू उघडी होती. त्यांच्या खिडकीला मोटर होती.

"एक शब्द नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

मेहुण्याने रुमाल पुढे केला.

"ही काय गाडी आहे?" साहेब गाडीच्या टपावरून हात फिरवत म्हणाले. "काय गाडी आहे ही. पास."

विभागात परत आल्यावर खुर्ची बाहेर काढण्यात आली. वायरिंगताईला तिच्यावर बसवलं. ती दोन घोट चहा पिऊन उठली आणि म्हणाली, "आधी कॉम्प्रेसर लावू." संध्याकाळपर्यंत चौघांनी काढलेलं सगळं परत बसवलं. एकेक जण आपापल्या कप्प्यातून एकेक वस्तू काढून आणत होता. मोटर, कॉम्प्रेसर, खरी काच, मोठा हॉर्न. वेल्डरने दांडा नवा केला. इंजिनवाल्याने गालिच्याखाली दुसरा गालिचा घातला. वजन वाढत गेलं आणि कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. काकांनी गाडी आवारात एक फेरी मारून आणली. खिडकी खाली गेली, वर आली. आत थंडगार. पहिल्यांदाच ती खरोखर रस्त्याची गाडी झाली होती. काकांनी घरी फोन लावला.

"उद्या सकाळी ये," ते म्हणाले. "पर्स घेऊन. लांब जाऊ."

बाईसाहेबांचा आवाज त्याच संध्याकाळी परत आला. साधारण जेवणाच्या सुमारास सुरू झाला आणि साहेबांच्या घरच्या स्वयंपाक्याच्या सांगण्यावरून, सकाळच्या चहालाही चालूच होता.

काकू सकाळी आल्या त्या ठेवणीतल्या चपला घालून. काकांनी त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला, इंजिन सुरू केलं आणि एसी लावला. तेवढ्यात मेहुणा आवारातून चालत येताना दिसला. तो घंटी हरवलेल्या सायकलसारखा येत होता.

"दाजी, जरा खाली उतरता?"

"इथेच बोल."

"साहेबांनी शब्द फिरवलेला नाही. गाडी पासच आहे." तो बहिणीकडे न बघता बोलत होता. "पण बाईसाहेबांची एक अट आहे. ही गाडी पुन्हा चालता कामा नये. आत कोणी बसता कामा नये. असली दुसरी बनता कामा नये. साहेब म्हणाले, मग रिसेप्शनमध्ये ठेवू, दोरी लावून. कॉन्सेप्ट म्हणून. मी म्हटलं, कॉन्सेप्ट म्हणून उत्तम."

"आता ती चांगली झालीय," काका म्हणाले. "काल सगळं लावलं. त्यांना एकदा बसवून बघ."

"दाजी, त्यांच्यासमोर 'गाडी' हा शब्द काढायचीसुद्धा सोय नाही. त्या ऑफिसला रिक्षाने आल्या."

"मग विभाग?"

मेहुण्याने रस्त्याच्या पलीकडे बघितलं. उत्तर द्यायची ती त्याची पद्धत होती, लहानपणापासूनची.

काकू खिडकीचं बटण दाबून काच खाली-वर करत होत्या. "छान गार आहे हो," त्या म्हणाल्या. "सीटही छान आहे. जरा पुढे घ्या ना."

काकांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "नेता येणार नाही."

"फाटकापर्यंत तरी."

"ताई," मेहुणा म्हणाला, "खरं तर आत्ता तू आत बसलीयस, हेही चालणार नाही."

काकूंनी पट्टा काढायचा प्रयत्न केला. तो शर्यतीचाच होता, त्यांना जमेना. काकांनी काढून दिला.

रिसेप्शनमधली गाडी फरशीवर तेल सांडू नये म्हणून इंजिन काढायचं ठरलं. इंजिन काढल्यावर गाडीचं नाक वर उचललं गेलं आणि ती कोणाला तरी हाक मारत असल्यासारखी दिसायला लागली. माहितीपत्रकातल्या फोटोशी ते जुळेना. तेव्हा इंजिनाच्या जागी सिमेंटची पोती भरली. तीही काकांनीच मोजून मापून भरली, कारण त्या गाडीचं नाक किती खाली असायला हवं हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. दारं कुलूपबंद केली. एसीचा निळा दिवा मेहुण्याच्या आग्रहाखातर चालू ठेवला, त्यासाठी भिंतीतून वायर आणली. रिसेप्शनवरची मुलगी जाता-येता विचारते, ही चालते का हो? मेहुणा म्हणतो, ही कॉन्सेप्ट आहे.

शेवटचा दिवस शुक्रवार होता. गाडी रिसेप्शनमध्ये नेण्याआधी सवयीने चौघांनी तिच्या चाकांखाली काटे ठेवले. कारखान्यातून आजवर बाहेर पडलेल्या कुठल्याही गाडीपेक्षा ती जड भरली. आकडा कोणी मोठ्याने वाचला नाही. काटे पेटीत घालून पेटी बंद केली.

सोमवारी चौघं रस्ता ओलांडून गोदामात गेले. वेल्डरने ती खुर्ची बरोबर आणली होती, आता ती कोणाला द्यायची ते ठरवू म्हणून. गोदामाच्या व्यवस्थापकाने ती बाहेरच ठेवायला सांगितली.

गोदामात सगळ्यांनाच पाठीच्या खुर्च्या आहेत.